तिसऱ्या अंकाची तालीम

गेल्या रविवारी आमच्या गावची टीम परत हरली, परत एका गोलने, परत शेवटच्या दहा मिनिटांत, आणि सोमवारी सकाळी हॉटेलात भाजी-पाव खाताना जी चर्चा झाली तीपण परतचीच, आधीच्या चार पराभवांनंतर झाली होती तीच, वाक्यंसुद्धा कोणी बदलली नाहीत. एक जण म्हणाला पोरांच्यात दमच नाही, बरोबरीत आली की पाय लटपटतात. दुसरा म्हणाला आमकां नशीबच ना रे. तिसऱ्याने रेफरीच्या खानदानाचा उद्धार केला (त्याचं ते नेहमीचंच, त्याला ऑफसाइड अजून नीट कळत नाही). आणि कोपऱ्यात बसलेले एक रिटायर मास्तर, ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "अरे, गोंयकार सुशेगाद. शेवटपर्यंत झुंजणं आपल्या रक्तातच नाही." (सुशेगाद म्हणजे निवांत, कशाची घाई नसलेला.) सगळ्यांनी माना हलवल्या. मला पटलं नाही, पण तोंड उघडलं नाही कारण मास्तरांनी मला सातवीत गणित शिकवलंय, म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं असं आहे की सारखं एका गोलने हरणं हा कुठल्या टीमचा स्वभाव नसतो, रक्ताचा तर त्याहून नसतो. त्यातला मोठा हिस्सा निव्वळ छापा-काटा असतो, जो मान्य करायला आपल्याला लाज वाटते, आणि उरलेला हिस्सा म्हणजे काही अगदी साधी, कंटाळवाणी कामं असतात जी प्रॅक्टिसला कोणी करून घेत नाही. आणि या दोन्हीच्या आधी एक प्रश्न आहे जो हॉटेलात कोणी विचारतच नाही, तो म्हणजे ८० व्या मिनिटाला मॅच एवढी अटीतटीची राहिलीच का?

आधी रक्ताचं निकालात काढू. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा सीझनमध्ये आय-लीगची, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगची, सहाच्या सहा टायटलं गोव्यात आली, धेंपो तीन, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक. कोलकात्याचे मोठमोठे क्लब हात चोळत बसले. तेव्हा आपलं रक्त वेगळ्या ग्रुपचं होतं काय? १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी, राज्याराज्यांच्या टीमची स्पर्धा, गोव्याने एकही गोल न खाता जिंकली, गोलमध्ये आपला ब्रह्मानंद शंखवाळकर. अख्खी टूर्नामेंट एक गोल आत जाऊ देत नाही तो माणूस सुशेगाद असेल तर मग असे सुशेगाद अजून दहा मिळोत. आणि दुसरी गंमत बघा, हे सुशेगादचं लॉजिक लोक इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवा क्लबलाही लावतात, जिथे टीममध्ये स्पॅनिश असतात, मणिपूरचे असतात, मिझोरामचे असतात, कोच बहुतेक वेळा बाहेरचा असतो. फातोर्ड्याच्या स्टेडियमची हवा लागली की माद्रिदचा माणूसपण सुशेगाद होतो काय?

तरी मान्य करायला पाहिजे की एफसी गोवाचा इतिहास बघितला तर माणूस ज्योतिषाकडे जाईल. सुपर लीगच्या २०१४ च्या सेमीफायनलमध्ये कोलकात्याविरुद्ध दोन्ही लेग, म्हणजे दोन्ही मॅच, ०-०, मग पेनल्टीवर बाहेर. २०१५ ची फायनल घरच्या मैदानावर, झिको कोच, ८७ व्या मिनिटाला २-१ ने पुढे, अख्खं फातोर्डा नाचतंय, आणि ९० व्या मिनिटाला आपल्याच गोलीकडून स्वतःच्या गोलमध्ये बॉल, त्यानंतर इंज्युरी टाइमला चेन्नईनच्या मेंडोझाचा गोल, २-३. २०१९ ची फायनल मुंबईत, ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर बेंगळुरूच्या राहुल भेकेचा हेडर, ०-१. आणि २४ एप्रिल २०२४, ती तर मी स्टेडियममध्ये बसून पाहिली, मुंबई सिटीविरुद्ध सेमीफायनलचा पहिला लेग, ९० मिनिटं होत आली तरी २-० पुढे, माझ्या शेजारचा माणूस ट्रॅफिक चुकवायला उठून गेला, आणि तो पार्किंगला पोचेपर्यंत छांगटे, विक्रम प्रताप, परत छांगटे, २-३. त्या माणसाला स्कोअर कधी कळला असेल याचा मी अजून विचार करतो. मग २०२५, बेंगळुरूत ०-२ हरून आले, फातोर्ड्यात ८८ व्या मिनिटाला सादिकूने दुसरा गोल करून हिशोब बरोबरीत आणला, आणि ९०+२ ला चाळिशीतल्या सुनील छेत्रीने हेडर मारून सगळ्यांना घरी पाठवलं. संतोष ट्रॉफीतपण तेच, २०१७ च्या फायनलला बांबोळीत बंगालचा गोल आला तो ११९ व्या मिनिटाला. एवढं सगळं बघितल्यावर कोणी म्हणालं की यात काहीतरी आहे, तर त्याला वेड्यात काढता येत नाही. मीपण काढत नाही.

पण यादी करताना आपण काय सोडतो ते बघा. २०२१ च्या डुरंड कपची फायनल एफसी गोवाने एक्स्ट्रा टाइममध्ये १-० ने जिंकली, एदू बेदियाची फ्रीकिक, समोर मोहमेडन आणि मैदान कोलकात्याचं. याहून निसटती फायनल कुठली असते? तिची चर्चा भाजी-पावावर कोणी करत नाही. त्याच साली मार्चमध्ये मुंबई सिटीकडून पेनल्टीवर ५-६ ने हरले, ते मात्र सगळ्यांना पाठ. आणि डिसेंबर २०२५ मध्ये फातोर्ड्यातच सुपर कपच्या फायनलला ईस्ट बंगालविरुद्ध ०-०, पेनल्टी, आणि या वेळी ६-५ आपल्या बाजूने. आकडा तोच, फक्त उलटा. आता सांगा, पहिल्या वेळी पोरांच्यात दम नव्हता आणि दुसऱ्या वेळी आला, कुठून आला? पोदेराने, आमच्या पाववाल्याने, पावाबरोबर आणून दिला? जिंकलं की आपण म्हणतो चांगले खेळले, हरलं की म्हणतो स्वभावच तसा, म्हणजे नियम फक्त एका दिशेनेच चालतो.

मास्तरांनी शिकवलेलं गणितच त्यांना परत करतो. दोन साधारण सारख्या टीम, मॅच एका गोलने लागणार हे नक्की, तर कोण जिंकणार हे जवळजवळ नाणं उडवण्यासारखंच. पाच वेळा लागोपाठ काटा पडायची शक्यता ३२ त एक. ऐकायला फार कमी वाटते, पण आपल्या फोंडा-डिचोली-पेडणे-सत्तरीत गावच्या, वाड्याच्या अशा किती टीम खेळतात? बत्तीस तर एका पावसाळ्यात एका तालुक्यात निघतील. म्हणजे कोणत्या ना कोणत्या गावाच्या वाट्याला दर सीझनला हे येणारच, आणि ज्या गावाच्या वाट्याला येईल त्या गावच्या हॉटेलात मास्तर बसलेले असणारच. लीगमध्ये १८-२० मॅच होतात तेव्हा नाणं दोन्ही बाजूंनी पडून हिशोब बराचसा सरळ होतो, म्हणून २०१९-२० ला १८ मॅचमध्ये ४६ गोल मारणारा एफसी गोवा टेबलात पहिला आला, शील्ड घेतली. आणि त्याच टीमने सेमीफायनलला चेन्नईत १-४ मार खाल्ला, घरी ४-२ जिंकले, तरी दोन्ही मिळून ५-६ ने बाहेर. दोन मॅचचा निकाल बघून टीमचा स्वभाव सांगणं म्हणजे दोन दिवसांचा पाऊस बघून साळावली धरणाचा हिशोब सांगणं.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर नशीबवाल्याच्या शेजारीच जाऊन बसलो असतो, फक्त गणिताची शाल पांघरून. ते मला मान्य नाही. कारण नाणं सहा मिनिटांत तीन वेळा पडत नाही. छांगटेचा पहिला गोल झाल्यावर जे झालं ते छापा-काटा नव्हतं, एक गोल खाल्ला की लगेच दुसरा येईल अशी भीती बसते हे ज्याने बॅकला उभं राहून फुटबॉल खेळलाय त्याला पुस्तकातून कळायची गरज नाही, डोळ्यांसमोर सगळं वेगाने व्हायला लागतं, पाय जड होतात, आणि बॉल आपल्याकडे येऊ नये असं वाटतं. हा विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, की भीती खरी असते आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरते. शंभर टक्के. पण भीती असणं वेगळं आणि भीती हा स्वभाव असणं वेगळं. १९९९ मध्ये बार्सेलोनात बायर्न म्युनिक युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या फायनलला १-० पुढे होतं, ९० मिनिटं संपलेली, आणि मँचेस्टर युनायटेडने इंज्युरी टाइमला दोन गोल मारले. गोलमध्ये ऑलिव्हर कान. जगातली कुठलीही टीम त्यातून उठणार नाही असं वाटावं असा पराभव. दोन वर्षांनी मिलानमध्ये तीच स्पर्धा, तोच कान, व्हॅलेन्सियाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये तीन अडवल्या आणि कप घेतला. क्रिकेटवाल्यांसाठी अजून ताजं उदाहरण आहे. साउथ आफ्रिकेला वर्षानुवर्षं चोकर, म्हणजे ऐन वेळी कच खाणारे, म्हणून हिणवलं, २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलला ३० बॉलमध्ये ३० रन हवे असताना आपल्याकडून ७ रननी हरले, तेव्हा आपणपण फटाके फोडत हेच म्हणालो की बघ, चोकर. त्या हरलेल्या टीमचा कॅप्टन मार्करम. एका वर्षाने लॉर्ड्सवर टेस्ट चॅम्पियनशिपच्या फायनलला ऑस्ट्रेलियासमोर चौथ्या इनिंगला २८२ चा पाठलाग, आणि १३६ कोणी काढले तर त्याच मार्करमने. स्वभाव बारा महिन्यांत बदलतो काय?

मग शेवटच्या दहा मिनिटांत नेमकं होतं काय? जगभरच्या लीगांत शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त गोल होतात, हे काही गोव्याचं खास नाही. पाय थकतात, अंतरं वाढतात, हरणारी टीम सगळं पुढे ढकलते, पुढे असलेली टीम स्वतःहून मागे सरकते. मागे सरकलं की बॉल लांब मारावा लागतो, पुढे आपला कोणीच नसतो, म्हणून तो बॉल तीन सेकंदांत परत आपल्याच बॉक्ससमोर येतो, परत मारा, परत येतो. यात घाबरट कोणी नाही, यात फक्त बॉल पुढे धरून ठेवणारा माणूस नाही. आणि तो का नाही, तर तो दमलाय, आणि त्याच्या जागी पाठवायला बेंचवर कोणी नाही. म्हणजे ८८ व्या मिनिटाचा गोल बऱ्याचदा ६० व्या मिनिटाला झालेला असतो, जेव्हा कोचने सब करायचा तो केला नाही.

मराठी माणसाला हे समजायला युरोपात जायला नको, आपल्याकडे पानिपत आहे. १४ जानेवारी १७६१, दुपारपर्यंत पारडं आपल्या बाजूला, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. अडीचशे वर्षं आपण विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, संक्रांतच वाईट, असं बोलत आलो. खरी गोष्ट अशी की अब्दालीकडे राखीव फौज होती, ती त्याने दुपारनंतर उतरवली, ताजी माणसं, उंटांवरच्या तोफा. आपल्याकडे सकाळपासून लढणारी, कित्येक दिवसांची उपाशी माणसं आणि मागे राखीव म्हणावं असं कोणी नाही. पाच सब विरुद्ध शून्य सब. (आणि तिथेपण लढाईचा बेत गोलाचाच होता, गारद्यांच्या बंदुका धरून गोल करून सरकायचं, आणि तो गोल आपल्याच लोकांनी मोडला असं सांगतात. म्हणजे आपल्या गोलीची परंपरा जुनी आहे.) तेव्हा पराक्रम कमी पडला असं कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. मग आमच्या लेफ्ट बॅकलाच का म्हणायचं?

लेफ्ट बॅकचं सांगतो. रविवारी ८४ वं मिनिट, स्कोअर ०-०, आपला थ्रो, आपल्याच हाफमध्ये, रेषेवर चिखल. पोरगा वीस वर्षांचा, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शिफ्ट करून आलेला. त्याने बॉल पुसला नाही, कोण कुठे आहे बघितलं नाही, घाईत मधल्या हाफकडे फेकला ज्याच्या पाठीला माणूस चिकटलेला होता, तो बॉल हिसकावला गेला, दोन पास, गोल. हॉटेलात या पोराला घाबरट म्हणाले. मी त्याला संध्याकाळी विचारलं, अरे, शेवटी आपला थ्रो असला तर काय करायचं हे तुला कोणी सांगितलंय? तो म्हणाला, नाही. रेषेच्या बाजूने पुढे लांब फेक, गेला बाहेर तर जाऊ दे, त्यांचा थ्रो त्यांच्या हाफमध्ये, एवढी साधी गोष्ट. त्याला कधी कोणी सांगितलीच नाही, आणि मी या टीमबरोबर सहा वर्षं आहे, बाटल्या भरण्यापासून जर्सी मोजण्यापर्यंत सगळं करतो, मीपण नाही सांगितली.

आता जत्रेतल्या नाटकाचं. आमच्या देवळासमोर दरवर्षी गावकऱ्यांचं मराठी नाटक होतं, तीन अंकी, मी दोनदा शिपायाचं आणि एकदा सरदाराचं काम केलंय. तालमी महिनाभर चालतात आणि रोज सुरुवात पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशापासून. नऊला यायचं ठरलेली माणसं दहाला येतात, बाराला तालीम मास्तर म्हणतात चला आता उद्या, आणि तोपर्यंत दुसऱ्या अंकाचा मध्य आलेला असतो. दुसऱ्या दिवशी परत नांदीपासून. त्यामुळे पहिला अंक असा घोटलेला की लहान पोरंपण तोंडपाठ म्हणतात, आणि तिसरा अंक जत्रेच्या रात्री पहाटे तीनला स्टेजवर पहिल्यांदाच सलग होतो. मग सगळे विंगेत कान लावून उभे, प्रॉम्प्टरचा आवाज हिरोपेक्षा मोठा, आणि प्रेक्षक म्हणतात, शेवट पडला हो. नटांना शेवट करायची हिंमत नाही असं कधी कोणी म्हणालंय? सगळ्यांना माहीत असतं की तालीमच झाली नव्हती. मैदानावर मात्र तीच माणसं, तोच प्रकार, आणि निदान एकदम रक्ताचं.

आमची प्रॅक्टिस म्हणजे दोन राउंड धावणं, शूटिंग, मग टीम पाडून मॅच, ०-० पासून, अंधार होईपर्यंत. १-० पुढे आहोत आणि दहा मिनिटं उरलीत, असं समजून कधीच खेळलो नाही. आणि पावसातल्या ज्या टूर्नामेंटात ही पोरं लहानाची मोठी झाली तिथे हाफ पंचवीस नाहीतर तीस मिनिटांचा, एका रविवारी जास्त मॅच बसवायच्या म्हणून. म्हणजे ज्या पोराला बारा वर्षं खेळून ७५ वं मिनिट कसं असतं हेच माहीत नाही, त्याने ८४ व्या मिनिटाला डोकं शांत ठेवावं अशी आपली अपेक्षा.

कोणी म्हणेल की सराव हे काय जादूचं औषध आहे काय. नाही. इंग्लंड १९९० ते २०१२ मध्ये सहा मोठ्या स्पर्धांतून पेनल्टीवर बाहेर पडलं, मग २०१८ ला नीट तयारी करून गेले आणि कोलंबियाला पेनल्टीवर हरवलं, सगळे म्हणाले सुटला प्रश्न, आणि २०२१ ला युरोच्या फायनलला परत पेनल्टीवरच हरले. तयारीने नाण्याची एक बाजू थोडी जड होते, नाणं नाणंच राहतं. आणि दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, की गावच्या टीमला कसला बेंच आणि कसलं काय, अर्धी पोरं सेकंड शिफ्टला, दोघं आखातात गेले, रविवारी चौदा जमले तरी नारळ फोडावा. हे मला मान्य, याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण चौदातले तीन ९० मिनिटं बाहेर ट्रॅकसूटमध्येच बसून राहतात ते पैशांमुळे नाही. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, हे लहानपणी सगळ्यांनी घोकलंय, फिरवलं नाही म्हणून. आमच्या कोचला दमलेल्या सीनियर माणसाला बाहेर काढायचा संकोच होतो, कारण तो सीनियर वर्गणी देतो. आणि त्याहून मोठी गोष्ट, रविवारी पहिल्या हाफमध्ये आम्ही मोकळ्या गोलसमोर दोनदा बॉल वर मारला. त्यातला एक आत असता तर ८४ व्या मिनिटाच्या थ्रोकडे कोणी ढुंकून बघितलं नसतं. ते दोन चान्स ज्याने घालवले त्याला सोमवारी कोणी काही बोललं नाही, तो तिथेच बसून भाजी-पाव खात होता आणि लेफ्ट बॅकला शिव्या घालत होता.

बुधवारी मी कोचच्या मागे लागून शेवटची पंधरा मिनिटं मागून घेतली. आपण १-० पुढे, दहा मिनिटं बाकी, समोर सबची पोरं आणि दोन शाळकरी. पहिल्या वेळी तिसऱ्या मिनिटाला गोल खाल्ला, सगळे हसले. परत लावलं, सातव्या मिनिटापर्यंत टिकले, लेफ्ट बॅकने एक थ्रो रेषेच्या बाजूने लांब फेकला आणि माझ्याकडे बघितलं. मग कॉर्नरवर गोल खाल्ला. तिसऱ्यांदा लावायचं होतं, पण बॉल दिसेनासा झाला.